बसायचं का?

संध्याकाळी सातच्या पुढे फोन वाजतो आणि पलीकडून एवढंच विचारलं जातं, ‘बसायचं का?’ बहुतेक मराठी घरांत या प्रश्नाचा अर्थ विचारावा लागत नाही. आमच्या टोळक्यात लागतो, कारण आम्ही बुद्धिबळालाही बसतो. ‘पट की पेला?’ असं उलट विचारलं की बहुतेक वेळा उत्तर येतं, ‘दोन्ही काढून ठेव.’

हे ‘दोन्ही’ जमतं का, आणि जमत असेल तर पेल्यात काय असावं? मतं पुष्कळ आहेत. व्हिस्कीवाले म्हणतात, संथ खेळाला संथ पेय. बिअरवाले म्हणतात, डावभर पुरेल तेच खरं. वाइनवाल्यांचंही मत असतं, फक्त ते थोडं लांबतं. या सगळ्यांकडून मी हरलो आहे आणि काहींना हरवलंही आहे, तेव्हा निकाल देण्याचा थोडा अधिकार मला पोचतो. पण त्याआधी एका इंग्रज माणसाला भेटायला हवं.

जोसेफ हेन्री ब्लॅकबर्न. जन्म मँचेस्टरचा, 1841 सालचा. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तो जगातल्या बलाढ्य खेळाडूंपैकी एक होता आणि त्याचं टोपणनाव होतं ‘ब्लॅक डेथ’, म्हणजे युरोपातली प्लेगची महामारी. पोटापाण्यासाठी तो गावोगावच्या क्लबांत जाऊन एकाच वेळी वीस-वीस, तीस-तीस जणांशी खेळायचा. कधी पटाकडे पाठ करून, नुसत्या आठवणीवर. आणि व्हिस्कीवर त्याचं प्रेम होतं, हे त्याने कधी लपवलं नाही.

त्याचा एक किस्सा बुद्धिबळाच्या जगात शंभरहून जास्त वर्षं फिरतो आहे. ब्लॅकबर्न असाच पटांच्या रांगेतून फिरत होता. एका प्रतिस्पर्ध्याने आपला व्हिस्कीचा पेला पटाशेजारी ठेवला होता. ब्लॅकबर्न आला, चाल केली, पेला उचलून रिकामा केला आणि पुढच्या पटाकडे गेला. नंतर कुणीतरी हटकलं तेव्हा त्याचं उत्तर असं, की पेला माऱ्यात उघडा पडला होता, मी जाता जाता मारला. इंग्रजीत ही कोटी प्याद्याच्या ‘आं पासां’, म्हणजे जाता जाता मारण्याच्या, नियमावर आहे. मराठीत ती जास्तच रंगते, कारण आपल्याकडे प्यादंही मारतात आणि पेगही मारतात.

किस्सा तंतोतंत घडला असेल असा माझा दावा नाही. पण हा माणूस पिऊन खेळायचा आणि पिऊनही जिंकायचा, याबद्दल त्याच्या काळातल्या लोकांना शंका नव्हती. मग प्रश्न असा, की त्याला ते जमत कसं होतं?

याचं उत्तर शोधायला मदत होते ती एका डच मानसशास्त्रज्ञाची. आद्रियान द ख्रोट स्वतः उत्तम बुद्धिबळपटू होता. 1930च्या दशकाच्या अखेरीस त्याने जगातल्या मोठमोठ्या खेळाडूंसमोर पट मांडून ‘विचार करताना मोठ्याने बोला’ असं सांगितलं आणि ते जे बोलले ते टिपून घेतलं. त्यात अलेखाइन होता, मॅक्स युवे होता, पॉल केरेस होता. हाच प्रयोग त्याने साध्या क्लब खेळाडूंवरही केला. अपेक्षा अशी, की उस्ताद मंडळी खूप पुढच्या चाली मोजत असतील. तसं फारसं दिसलं नाही. उस्ताद फार खोल जात नव्हते, पण चांगली चाल त्यांच्या नजरेत आधीच भरत होती. दुसऱ्या एका चाचणीत त्याने डावातली स्थिती काही सेकंद दाखवून झाकून टाकली. उस्तादांनी जवळजवळ सगळी मोहरी जागच्या जागी मांडली. साध्या खेळाडूंची मोहरी हरवली.

म्हणजे बुद्धिबळात डोकं दोन वेगळी कामं करतं. एक ओळखण्याचं: ‘ही मांडणी आपण पाहिली आहे, इथे उंटाचा बळी चालतो.’ दुसरं मोजण्याचं: ‘मी इथे, तो तिथे, मग मी तिसरीकडे, आणि तो तिसरीकडे न जाता भलतीकडेच गेला तर?’ ओळख वर्षानुवर्षांच्या सरावातून मेंदूत मुरलेली असते. मोजणी मात्र त्या क्षणाच्या तात्पुरत्या स्मृतीवर चालते, आणि दारू सगळ्यात आधी हात घालते ती या तात्पुरत्या स्मृतीवर आणि स्वतःला आवरून धरण्याच्या शक्तीवर. पिऊन गाडी चालवणाऱ्यालाही घरचा रस्ता ओळखू येत असतो. समोरून वळणाऱ्या ट्रकचं गणित त्याला जमत नाही.

ब्लॅकबर्नसमोर बसलेले क्लबचे सभासद होते. त्यांच्या चुका त्याने हजार वेळा पाहिलेल्या होत्या. त्यांना हरवायला ओळख पुरत होती, मोजायची वेळ क्वचित यायची. तीच व्हिस्की तोडीस तोड माणसासमोर बसताना महाग पडते.

आणि तोडीस तोड माणूस समोर आला की काय होतं, याची सगळ्यात गाजलेली गोष्ट 1935ची आहे. अलेक्सांद्र अलेखाइन तेव्हा जगज्जेता होता, 1927 साली कापाब्लांकाला हरवून झालेला. त्याचा आव्हानवीर होता ॲमस्टरडॅममध्ये मुलींच्या शाळेत गणित शिकवणारा मॅक्स युवे. सामना हॉलंडमध्ये, गावोगाव फिरत, 30 डावांचा. जाणकारांचा कल अर्थातच अलेखाइनकडे. सुरुवातही तशीच झाली: 9 डावांनंतर अलेखाइन 6, युवे 3. मास्तरांनी शाळेतून एवढी रजा काढली कशाला, असं कुणाला वाटलं असल्यास नवल नाही.

पण पुढे घसरण लागली. सामन्याच्या काळात अलेखाइन पीत होता, ही गोष्ट लपून राहिली नाही. उलट बाजूला युवे पैलवानासारखी तयारी करून आला होता: व्यायाम, वेळच्या वेळी झोप, सिगारेट-दारू बंद. 15 डिसेंबरला शेवटचा डाव बरोबरीत सुटला तेव्हा निकाल होता युवे 15½, अलेखाइन 14½. युवेने 9 डाव जिंकले होते, अलेखाइनने 8, आणि 13 बरोबरीत गेले.

‘अलेखाइन दारूने हरला’ हे वाक्य तेव्हापासून बुद्धिबळाच्या पुस्तकांत पिढ्यानपिढ्या उतरवलं जातं आहे. मला ते पटत नाही, निदान पूर्ण नाही. आकडे पुन्हा पाहा. पिणारा माणूस जगातल्या एका सर्वोत्तम खेळाडूविरुद्ध 8 डाव जिंकला. हल्ला सुचण्यात त्याला काहीच अडचण येत नव्हती. आणि युवेचं श्रेय अलेखाइनच्या बाटलीला देणं हा मास्तरांवर अन्याय आहे. झांडफोर्टला झालेला सव्विसावा डाव बघावा. त्यात युवेने एका घोड्याच्या बदल्यात प्यादी घेतली आणि तीच प्यादी पुढे पुढे ढकलत जगज्जेत्याला चेपत नेलं. तो डाव ‘झांडफोर्टचा मोती’ म्हणून ओळखला जातो, आणि मोती आपोआप सापडत नाहीत. तरीही एक गुण म्हणजे एकच गुण. एवढ्या बारीक फरकाच्या सामन्यात चार-दोन चुकलेल्या मोजण्याही पुरतात.

अलेखाइनला स्वतःला काय वाटलं, ते त्याने कृतीतून दाखवलं. परतीच्या सामन्याआधी त्याने दारू आणि तंबाखू दोन्ही बाजूला ठेवली, आणि 1937 साली जगज्जेतेपद 15½–9½ असं परत घेतलं. युवेने त्याला ही संधी दिली, हेही इथे सांगायला हवं. सगळे जगज्जेते तेवढे उदार नसतात. अलेखाइनने स्वतः कापाब्लांकाला दुसरा सामना कधीच दिला नव्हता.

आता दारूची बाजू. अमेरिकेत, शिकागोमध्ये, झालेला एक प्रयोग 2012 साली प्रसिद्ध झाला. 20 पुरुषांना व्होडका आणि क्रॅनबेरीचा रस पाजला, 20 जणांना काहीच दिलं नाही. मद्य अंगात भिनेपर्यंत त्यांना ‘रॅटाटूई’ हा स्वयंपाक करणाऱ्या उंदराचा सिनेमा दाखवला. नंतर तीन शब्द देऊन त्यांना जोडणारा चौथा शब्द शोधायचा, अशी कोडी घातली. प्यायलेल्यांनी 58 टक्के कोडी सोडवली, न प्यायलेल्यांनी 42 टक्के, आणि प्यायलेल्यांना वेळही कमी लागला. लक्ष थोडं सैल पडलं की आडबाजूचा शब्द लवकर सापडतो, असा त्याचा अर्थ लावला गेला. हे वाचल्यावर आमच्यातल्या एकाने लगेच ग्लास भरला. पण त्याच प्रयोगात प्यायलेल्यांची तात्पुरती स्मृती घसरली होती, आणि बुद्धिबळात आडबाजूचा विचार सुचून भागत नाही, त्यावर समोरच्याचं उत्तर काय हे तपासावं लागतं. प्यायलेल्या खेळाडूला आपली चाल छान दिसते. त्याला दिसेनाशी होते ती समोरच्याची.

तर आता पेले. आधी थोडा हिशोब, कारण बहुतेक लोकांचा इथेच घोळ होतो. आपल्याकडच्या व्हिस्कीत किंवा रममध्ये साधारण 42.8 टक्के मद्यार्क असतो. 30 मिलिलिटरच्या छोट्या पेगमध्ये तो भरतो सुमारे 10 ग्रॅम. यकृत तासाला साधारण 7 ते 10 ग्रॅमचा निकाल लावतं. म्हणजे तासाला एक छोटा पेग, पाणी घालून, घोट-घोट घेतला तर डोकं जेमतेम टिकतं. 650 मिलिलिटरची स्ट्राँग बिअरची बाटली 8 टक्क्यांची असेल तर तिच्यात 41 ग्रॅम भरतात. चार छोटे पेग! ‘मी फक्त एक बिअर घेतली’ म्हणत वजीर घालवणाऱ्यांनी हा आकडा लिहून ठेवावा.

बिअरचा दुसरा दोष तर बुद्धिबळातच जास्त जाणवतो. मद्य शरीरातलं पाणी धरून ठेवणारं संप्रेरक दाबतं, त्यात बिअर म्हणजे मुळात पाणीच फार. माणूस सारखा उठतो, आणि घड्याळ त्याच्यासाठी थांबत नाही. पंधरा मिनिटांच्या डावात दोन फेऱ्या म्हणजे डाव गेलाच. साधी, सौम्य, 330 मिलिलिटरची एखादी बाटली, उन्हाळ्यात, गच्चीवर, एवढ्यापुरतीच मी बिअर मान्य करतो.

वाइन पटासाठी चांगली, पण पटापासून दूर. उंच दांड्याचा पेला आणि घोड्याची चाल यांचं वैर आहे. लाल वाइन लाकडी पटावर सांडली की डाग जात नाही, हे मी अनुभवाने सांगतो. तो पट अजून माझ्याकडे आहे, राजाच्या बाजूला जांभळट डाग घेऊन.

रम थंडीत. ती गोड असल्याने भरभर पोटात जाते आणि दुसऱ्या डावात अचानक चढते. गोव्याकडच्या मित्रांसमोर हे बोलायची सोय नाही, पण काजू फेणीचा वास इतका दमदार की पटावर लक्ष राहत नाही. तिच्यापेक्षा हुर्राक बरी. काजूच्या रसाचं पहिल्या धारेचं, सौम्य पेय. लिंबाचा सोडा, मीठ, चिरलेली मिरची. फक्त तिचा हंगाम मार्च ते मे. 2025चा बुद्धिबळ विश्वचषक गोव्यात भरला तो नोव्हेंबरात, म्हणजे जगभरचे दोनशेवर खेळाडू गोव्यात येऊन हुर्राक न चाखता गेले.

माझा कौल व्हिस्कीला आहे. छोटा पेग, भरपूर पाणी, बुटका जाड बुडाचा ग्लास. तो कलंडत नाही आणि तासभर पुरवता येतो. ग्लास ठेवायचा घड्याळाच्या विरुद्ध बाजूला, कारण ज्या हाताने चाल केली त्याच हाताने घड्याळ दाबायचं असतं आणि घाईत तो हात काय काय उडवून नेईल याचा नेम नाही. चकण्याला फुटाणे किंवा काकडी. फरसाण नको. तेलकट बोटांनी धरलेला उंट रात्रभर चिकट राहतो. आणि डाव पाच मिनिटांचा असावा. झटपट डावात सगळे ओळखीवरच खेळतात, मोजायला वेळ कुणाकडेच नसतो, म्हणून दारूने होणारं नुकसान तिथे कमी दिसतं. 2018 साली लीचेस या संकेतस्थळावर किताबधारक खेळाडूंच्या झटपट स्पर्धांत ‘डॉ. ड्रंकनस्टाइन’ नावाचं खातं भल्याभल्यांना लोळवत होतं. त्या नावामागे मॅग्नस कार्लसन होता. नाव बघून धीर येऊ देऊ नका, तो कार्लसन आहे.

दीर्घ डावात मात्र एक थेंबही नको. 2009 साली कोलकात्याच्या खुल्या स्पर्धेत एक फ्रेंच ग्रँडमास्टर पिऊन आला आणि पटासमोरच झोपी गेला. त्याला हलवून उठवलं, तो पुन्हा झोपला. शेवटी डाव प्रतिस्पर्ध्याला दिला गेला. गंमत म्हणजे त्याने नियमभंग केला तो वेळेत चाली न करण्याचा. खेळातल्या उत्तेजकांवर लक्ष ठेवणाऱ्या ‘वाडा’च्या यादीत दारू बुद्धिबळासाठी निषिद्ध नव्हती. तेव्हा ती तिरंदाजी, मोटारशर्यती अशा काही मोजक्या खेळांना बंद होती, आणि 2018पासून यादीतून पूर्णच गेली आहे. पटावर दारूचा फायदा होत असता तर ती केव्हाच यादीत आली असती.

दुकानांत हल्ली काचेच्या प्याल्यांचा पट मिळतो. प्रत्येक मोहरं म्हणजे एक छोटा प्याला. भेट म्हणून लोक देतात, मग तो कपाटात पडून राहतो. त्यातला नियम मात्र विचार करण्यासारखा आहे. मोहरं मेलं की प्यायचं कुणी, मारणाऱ्याने की गमावणाऱ्याने? घरोघर वेगळं खेळतात. गमावणाऱ्याने प्यायचं ठरवलं, तर जो मागे पडतो तोच आणखी झिंगतो आणि आणखी मोहरी गमावतो, डाव दहा मिनिटांत आटोपतो. मारणाऱ्याने प्यायचं ठरवलं, तर जिंकत चाललेल्याच्या डोळ्यांपुढे अंधारी येते, हरणारा सावरतो आणि डाव पुन्हा समान होतो. दुबळ्या खेळाडूने नेहमी दुसऱ्या नियमाचा आग्रह धरावा. जगज्जेता इमान्युएल लास्कर याच्याबद्दल अशाच पटाची एक कथा सांगतात: त्याच्या वजिरात सगळ्यात जास्त कोन्याक होती, म्हणून त्याने सुरुवातीलाच वजीर फुकट देऊन टाकला. समोरच्याला तो मारून प्यावाच लागला, आणि पुढचा डाव लास्करने झोकांड्या खाणाऱ्या माणसाशी खेळला. कथा खरी नसेलही. लास्करला शोभते एवढं नक्की, कारण चालीइतकाच तो समोरच्या माणसाचाही विचार करायचा, अशी त्याची ख्याती होती.

पट आणि पेला दोन्ही मनापासून जपणारा देश पाहायचा तर जॉर्जिया. तिथे द्राक्षाची दारू सुमारे 8000 वर्षांपूर्वी होत असल्याचे पुरावे मातीच्या भांड्यांत सापडले आहेत. आजही ती जमिनीत पुरलेल्या मोठ्या रांजणांत, ‘क्वेव्री’त, मुरवतात, आणि 2013 साली युनेस्कोने ही पद्धत वारसा म्हणून नोंदवली. बायकांच्या बुद्धिबळात तर या छोट्या देशाने 1962 ते 1991 जगज्जेतेपद घराबाहेर जाऊच दिलं नाही: आधी नोना गाप्रिंदाश्विली, मग माया चिबुर्दानिद्झे. आणि त्याच देशात, काळ्या समुद्राकाठच्या बातुमीला, 28 जुलै 2025 रोजी नागपूरची एकोणीस वर्षांची दिव्या देशमुख कोनेरू हंपीला टायब्रेकमध्ये हरवून महिलांचा विश्वचषक जिंकली आणि ग्रँडमास्टर झाली.

जॉर्जियातल्या पंगतीची एक रीत मला फार आवडते. मेजाशी एक ‘तामादा’ असतो. त्याने शुभेच्छा दिल्याशिवाय कुणी पेला तोंडाला लावत नाही. एकेका शुभेच्छेला एकेक पेला, मध्ये गाणं, बोलणं, खाणं. म्हणजे पिण्यालाही पाळी असते, चालीसारखी. आमच्या टोळक्याने ही रीत थोडी बदलून उचलली आहे. पहिला डाव कोरा खेळायचा, मग ग्लास भरायचे, आणि घोट फक्त दोन डावांच्या मधल्या वेळात घ्यायचा. डाव चालू असताना पेला उचलला की ती चाल धरली जाते: हात लावला, आता संपवा आणि पुढचा डाव बाहेर बसून बघा. भांडणं निम्मी झाली. गाडी कुणी चालवायची हेही आता पहिल्या डावावर ठरतं. हरणाऱ्याला रात्रभर सोडा. रक्ताच्या 100 मिलिलिटरमागे 30 मिलिग्रॅम ही कायद्याची मर्यादा आहे, आणि 70 किलोच्या माणसाला ती ओलांडायला दोन छोटे पेग पुरतात.

पण बुद्धिबळ ज्या पेयाच्या आधाराने वाढलं, ते दारू नव्हतंच. पॅरिसचं कॅफे द ला रेजांस घ्या. तिथे फिलिदोर खेळला, रूसो आणि दिदरो येऊन बसले, आणि 1844च्या ऑगस्टमध्ये मार्क्स आणि एंगेल्सची ती प्रसिद्ध भेटही तिथलीच. लंडनला सिम्प्सन्स दिवाण, व्हिएन्नाला ट्रॉट्स्की ज्या कॅफेत डाव टाकायचा ते कॅफे झेंट्राल. सगळीकडे कॉफी. एका कपावर तीन तास बसता येतं आणि तिसऱ्या तासालाही समोरच्याची चाल दिसते.

आणि आपल्याकडेही, केरळमध्ये त्रिशूर जिल्ह्यात, मारोट्टिचाल नावाचं गाव आहे. अर्ध्या शतकापूर्वी तिथे घरोघर हातभट्टी होती आणि गाव दारूत बुडालेलं होतं. बॉबी फिशरबद्दल वाचून बुद्धिबळाच्या नादी लागलेल्या उण्णीकृष्णन नावाच्या माणसाने तिथे हॉटेल टाकलं आणि येईल त्याला फुकट खेळ शिकवायला सुरुवात केली. आज गावातल्या बहुतेक घरांत कुणी ना कुणी बुद्धिबळ खेळतं. उण्णीकृष्णन यांच्या हॉटेलात पट मांडलेलेच असतात, आणि पटाशेजारी चहा मिळतो.